टाकी भरेपर्यंत

कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याने दुकानाबाहेर जास्तीचं बाकडं टाकलं, की परीक्षा आल्या असं समजावं. म्हैसूरच्या सरस्वतीपुरममधल्या ह्या गल्लीत एरवी संध्याकाळी स्कूट्यांचा आणि हसण्याचा नुसता गलका असतो. ह्या दिवसांत मात्र गल्ली गप्प होते. गच्च्यांवर मुली वही धरून ह्या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत चालत राहतात. ओठ हलत असतात आणि आवाज नसतो. दोऱ्यांवरचे कपडे वाळून कडक होतात तरी कोणी काढत नाही. चहाच्या गाड्यावर पोरं उभी असतात, पण एकमेकांकडे बघत नाहीत. यंदाही बाकडं पडलं आहे. आज त्याच्यासमोरून जाताना मी उगाच थांबले, तर झेरॉक्सवाल्याने हात पुढे केला, "काय काढायचं?" माझ्याजवळ काढण्यासारखं काहीच नव्हतं.

आमच्या घरात परीक्षेच्या हंगामाला नव्या कापडाचा वास असायचा. आमची माणसं पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात शिंपीकाम करणारी. विठ्ठलाचं देऊळ, घरातली मराठी आणि पायाखालचं मशीन, ही तिन्ही सोडली नाहीत असं माझे सासरे अभिमानाने सांगायचे. जुन्या गावातल्या अग्रहारात रस्त्यावर दुकान आणि मागे घर. मुलांच्या परीक्षा चालू असतानाच पुढच्या वर्षीच्या युनिफॉर्मची थानं आमच्याकडे येऊन पडायची, निळी, खाकी, चॉकलेटी. आमचे हे कापायचे आणि मी शिवायची. मापं द्यायला येणारं पोरगं दर वर्षी वाढलेलं असायचं आणि ह्यांचं दर वर्षी तेच वाक्य, "सोल्प लूज ठेव गं, वाढतं अंग आहे." सोल्प म्हणजे थोडं. आमच्या मराठीत असे कानडी शब्द भातात खडे यावेत तसे येतात. फक्त आमच्या दातांना ते लागत नाहीत. बेळगावचा मामा दिवाळी अंक पाठवायचा, त्यांच्यामुळे मला चार ओळी बऱ्या मराठीत लिहिता येतात. बोलताना मात्र जीभ आपल्या वळणावर जाते.

हे गेले ते अशाच हंगामात. टेबलावर कापलेलं कापड पडलं होतं. ते सगळं मी शिवून दिलं आणि मग मशीनवर चादर घातली ती कायमची. डोळेही आता सुईत दोरा ओवू देत नाहीत. दुकानाची जागा शेजारच्या भांडीवाल्याने विकत घेतली, मागचं घर मला राहिलं. मशीन चालू असताना आम्ही दोघं ओरडून बोलायचो, जन्मभराची सवय. मशीन थांबल्यावर माझा आवाज मलाच फार मोठा वाटायला लागला, म्हणून मी हळू बोलू लागले, आणि मग बोलणंच कमी झालं. तसंही बोलायला होतं कोण?

मुलगी आहे, रश्मी, बंगळुरात. लांब नाही, सकाळी निघाली तर जेवायला पोचेल इतकी जवळ. रोज संध्याकाळी ऑफिसातून घरी जाताना गाडीतून फोन करते. ट्रॅफिक तुंबलेला असला की आमचं बोलणं रंगतं आणि रस्ता मोकळा झाला की संपतं. बंगळुरातला ट्रॅफिक वाढो अशी प्रार्थना करणारी बाई जगात मी एकटीच असेन.

दुकानाचे पैसे बँकेत ठेव म्हणून रश्मी सांगत होती. बँकेतले पैसे वाढतात हे मलाही कळतं, पण ते वाढतात गुपचूप. मला घर घ्यायचं होतं. भाड्याने द्यायचं, कॉलेजच्या मुलींना. ब्रोकर नागराज, आपल्या स्कूटरवरून मला गावभर फिरवणारा, आधी येलवालला घेऊन गेला. हुणसूर रस्त्याच्या कडेला मोकळी जमीन, चार दगड रोवलेले, लांबवर एक म्हैस. "साइट घ्या रुक्कम्मा, पुढे सोनं होईल," म्हणाला. मी त्याला विचारलं, इथे माझ्याशी बोलणार कोण, ती म्हैस? तो हसला. त्याला वाटलं, मी चेष्टा केली.

मग हे घर दाखवलं. हॉल, दोन खोल्या, मागे कडीपत्ता, आणि कॉलेजची घंटा ऐकू येईल इतकं जवळ कॉलेज. नागराज म्हणाला, नोकरी करणारं जोडपं ठेवा, काही त्रास नाही, सकाळी कुलूप आणि संध्याकाळी कुलूप. तेच तर मला नको होतं. कुलूप माझ्या घराला होतंच की. विद्यार्थी घरात असतात, भुकेले असतात, त्यांचं सारखं काहीतरी हरवतं. त्यांना कोणीतरी लागतं, असा माझा समज. मी भाड्यासाठी घर घेतलं असं सगळ्यांना सांगितलं, पण खरं सांगायचं तर मी आवाजासाठी घेतलं. रजिस्ट्रेशनच्या दिवशी मशीन माझ्या अंगठ्याचा ठसा घेईना. जन्मभर सुई टोचून रेषाच उरल्या नव्हत्या. क्लार्क माझा अंगठा रुमालाने पुसतोय, पुन्हा दाबतोय, आणि मी मनात म्हणतेय, घे रे बाबा, मीच आहे ही.

पहिल्याच खेपेला तिघी आल्या. भूमिका हासनची, अखंड डोक्याला तेल आणि कानाला फोन. यांगचेन बैलकुप्प्याची, तिथल्या तिबेटी वस्तीत वाढलेली. नर्सिंगला होती आणि कानडी माझ्यापेक्षा सुरेख बोलायची. आणि ऋतुजा, कराडची. बोलता न येणाऱ्या मुलांना बोलायला शिकवतात ते शिक्षण घ्यायला इतक्या लांब आलेली. ती मला "काकू" म्हणाली. म्हैसुरात मला रुक्कम्मा म्हणतात, आंटी म्हणतात, देवळात रुक्मिणीबाई म्हणतात. काकू कोणी म्हटलंच नव्हतं. मी तिथल्या तिथे भाड्यात थोडं कमी केलं, आणि नागराजने कपाळाला हात लावला.

आमच्याकडे नव्या घरात राहायला येणाऱ्याने आधी दूध उतू जाऊ द्यायचं असतं. भाडेकरू असला तरी. पूर्वेकडे तोंड करून दूध चुलीवर ठेवायचं, उतू गेलं की घर लाभलं. गॅस अजून आला नव्हता. मी म्हटलं, थांबा, शेजारून आणू. तोवर भूमिकाने आपली विजेची किटली काढून दूध ओतून बटण दाबलंही. दूध वर आलं, उतू गेलं, खालच्या बैठकीत शिरलं, फट् करून आवाज झाला आणि सगळ्या घराची वीज गेली. ऋतुजा पांढरीफटक. शेजारच्या जयम्मा भिंतीवरून डोकावल्या. यांगचेनने शांतपणे ओल्या किटलीकडे बघितलं आणि म्हणाली, "उक्कितल्ला आंटी, साकल्वा?" उतू तर गेलं ना, पुरे नाही का? आम्ही सगळ्या त्या अंधाऱ्या हॉलमध्ये हसत सुटलो. इतक्या दिवसांनी मी हसत होते की माझं पोट दुखायला लागलं.

आता मोटरीचं सांगते, कारण त्या वर्षीचा माझा सगळा संसार त्या मोटरीवर चालला.

इथे नळाचं पाणी एक दिवसाआड सकाळी येतं आणि अंगणातल्या जमिनीखालच्या टाकीत साठतं. तिला सगळे संप म्हणतात. तिथून मोटर लावून ते गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. मुलींना सांगितलं होतं, मोटर लावा आणि आठवणीने बंद करा. पहिल्याच आठवड्यात मोटर लावून तिघी कॉलेजला गेल्या. टाकी भरली, वाहिली, गच्चीवरून धार जयम्मांच्या अंगणात पडली आणि त्यांनी पहाटे उठून घातलेली रांगोळी गटारात गेली. मला फोन आला, "रुक्कम्मा, टँक तुंबि हरीता इदे, बन्नी." भरून वाहतेय, या. मी रिक्षा करून धावले, आणि वाटेत माझ्या लक्षात आलं की मला धावताना बरं वाटतंय. मला कोणीतरी या म्हणालं होतं.

त्या दिवसापासून मोटरीच्या पेटीला मी कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या कंबरेला. जयम्मांना वाटलं, मालकीण कडक आहे. मुलींना वाटलं, आंटींना फार ताप. पाण्याच्या दिवशी सकाळी मी अग्रहारातून निघायची, कधी चालत, गुडघा कुरकुरला तर रिक्षाने. पेटी उघडायची, मोटर लावायची, आणि टाकी भरेपर्यंत थांबायची. मोटर जुनी होती, पाणी रडत-खडत चढवायची. प्लंबर म्हणाला, बदलून टाका आई, नवी बसवली की झटक्यात भरेल. मी म्हटलं, चालतेय ना, चालू दे. त्याला काय कळणार की ती सावकाश चढवते हेच मला आवडतं.

टाकी भरेपर्यंत मला त्या घरात बसायचा हक्क होता. हा शब्द मी विचार करून लिहितेय. नुसतं घर माझ्या नावावर आहे म्हणून तो आला नव्हता. काम होतं म्हणून आला होता. हॉलमध्ये दारालगत बसायची. कोणी कॉफी करायचं, कोणी केस विंचरत माझ्यासमोर फतकल मारायचं. भूमिका तिच्या वर्गातल्या भांडणाच्या गोष्टी सांगायची, त्यात इतकी नावं यायची की मी शिंप्याच्या हिशेबाने त्यांना उंच, बुटकी, जाडी असं लक्षात ठेवायची. यांगचेन तिच्या आईने पाठवलेल्या वाफवलेल्या पावातला तुकडा मोडून हातावर ठेवायची. ऋतुजाला माझ्या मराठीची गंमत वाटायची.

"काकू, तुम्ही काय म्हणालात आत्ता?"

"काय म्हटलं मी? मत्ते काय, परवागिल्ल, पुढच्या वेळी कर, अष्टे."

"ह्यातलं 'काय' आणि 'पुढच्या वेळी कर' एवढंच कळलं."

मग मी तिला समजावायची, मत्ते म्हणजे आणखी, परवागिल्ल म्हणजे हरकत नाही, अष्टे म्हणजे एवढंच. तिची मराठी इस्त्री केलेली, माझी चुरगळलेली. पण तिच्याशी बोलताना घशातून जे बाहेर पडायचं ते मी हे गेल्यापासून बाहेर काढलं नव्हतं. एकदा बोलता बोलता मी ओरडून बोलले, मशीन चालू असल्यासारखी, कारण बाहेर मोटर घरघरत होती. ऋतुजा दचकली. मला मात्र वाटलं, अरे, हा तर माझा आवाज.

वर टाकीत पाणी पडण्याचा आवाज आधी पोकळ असतो, मग भरत जातो, आणि शेवटी पाईपातून टपटप सुरू होते. ती टपटप सुरू झाली की मी उठायची. मोटर बंद, पेटीला कुलूप, "येते गं." कोणी थांबा म्हणालं नाही, आणि म्हणावं असं काही नव्हतंही. टाकी भरली होती.

मग त्या वर्षीच्या परीक्षा आल्या. मला वाटलं होतं, परीक्षा म्हणजे मुली जास्त वेळ घरात, म्हणजे माझी चंगळ. झालं उलटंच. मी गेले की दार उघडायचं, पण उघडणारीच्या हातात पुस्तक आणि बोट त्या ओळीवर. कॉफी आपापली. भूमिका कानात बोळे घालून पाठांतर करायची. ऋतुजा जिभेची, घशाची चित्रं काढून भिंतीवर चिकटवायची. मी त्या लालभडक घशांसमोर गप्प बसलेली. मोटरीच्या घरघरीने त्यांचं लक्ष लागत नाही हे माझ्या ध्यानात आलं, तरी कोणी बोललं नाही. शेवटी बोलली ती रश्मी, बंगळुरातून.

रश्मीला मी एवढंच म्हटलं होतं, ऊन फार आहे, आज चालत गेले तर डोळ्यांपुढे अंधारी आली. तिने दुसऱ्या दिवशी एक पेटी मागवली. ती बसवली की संपात पाणी आलं आणि वर टाकी रिकामी असली, की मोटर आपणहून सुरू होते आणि भरली की आपणहून बंद. इलेक्ट्रिशियनही तिनेच फोनवरून ठरवला, वेळ तिनेच दिली. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, पण शेळ्या खरंच हाकल्या गेल्या. "आई, आता तुझी खेप वाचली," ती म्हणाली. "आणि भाडंही मुली फोनवरच पाठवतील. तू आरामात बस." तिचा आवाज इतका मायेचा होता की मला नाही म्हणता येईना. काय म्हणून नाही म्हणणार होते? की मला आराम नको आहे?

मी समोर उभी राहून ती पेटी बसवून घेतली. मोटर आपणहून सुरू झाली तेव्हा तिघींनी टाळ्या वाजवल्या. भूमिका म्हणाली, "आंटी, आता उन्हात यायला नको तुम्हाला." ऋतुजानेही तेच म्हटलं, "काकू, सुटलात." सगळ्यांनी मिळून माझं भलं केलं. मी हसले, आणि कंबरेची किल्ली काढून कुठे ठेवावी ते मला कळेना.

नंतरच्या दिवसांबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही, हेच त्यांच्याबद्दल सांगायचं. सकाळी जाग यायची, पाण्याचा दिवस आहे हे आठवायचं, आणि मग आपलं काही काम नाही हेही आठवायचं. अग्रहारात आवाज कमी नाहीत. देवळाची घंटा, भाजीवाला, भांडीवाल्याच्या दुकानात सतत काहीतरी पडत असतं. पण हे सगळे रस्त्याचे आवाज. त्यांतला एकही मला उद्देशून नव्हता. फोन टिंग करून वाजला की भाडं आलेलं असायचं. भजनाला गेले तरी तिथे आम्ही चौघीजणी, सगळ्या गुडघे धरून बसणाऱ्या, आणि भजन संपलं की प्रत्येकीला घेऊन जायला कोणी ना कोणी आलेलं. मला नेणारं कोणी नसायचं. घर मागच्याच गल्लीत, म्हणून मीच सगळ्यांना वाटेला लावून यायची. एकटेपण वाईट असतं असं लोक म्हणतात. मला वाटतं, एकटेपणापेक्षा आपला कोणालाच त्रास होत नाही, हे जास्त वाईट.

रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी, तशी मी कारणं शोधायला लागले. मीटर बघायला जावं तर मीटर गेटाबाहेर. कडीपत्ता आणायला जावा तर तो जयम्मांच्या बाजूने तोडता येतो. मग दोनदा डबा नेला, परीक्षेच्या पोरी म्हणून आंबेडाळ आणि चपात्या. दुसऱ्या खेपेला भूमिकाने दार उघडलं, डबा घेतला, "थँक्यू आंटी, किती करता तुम्ही," म्हणाली, दुसऱ्या हाताने आदल्या वेळचा, धुऊन पुसून ठेवलेला रिकामा डबा माझ्या हातात दिला, आणि मी उंबऱ्याबाहेरच होते. तिने वाईट काही केलं नाही. डबा द्यायला आलेल्या माणसाचं काम डबा दिला की संपतं. परतताना तो रिकामा डबा पिशवीत खुळखुळत होता आणि मला स्वतःचाच राग येत होता. जन्मभर दुसऱ्याच्या मापाचं शिवत आले, आता स्वतःची गरजही दुसऱ्याच्या कामाच्या मापाची करून न्यायची का?

पुढच्या पाण्याच्या दिवशी मी काही न घेता गेले. मुलाबाळांच्या घरी रिकाम्या हाताने जाऊ नये असं आमच्यात मानतात, आणि मी ते आयुष्यात पहिल्यांदा मोडलं. केळीसुद्धा घेतली नाहीत. गेटाशी पोचले आणि कडी न काढता उभी राहिले. स्वतःच्या घराच्या गेटाशी.

यांगचेनने दार उघडलं. केसांत पेन्सिल खोचलेली, डोळे सुजलेले. आधी माझ्या हातांकडे बघितलं, मग मागे मोटरीच्या पेटीकडे, आणि काळजीने कानडीत विचारलं, "मोटर बिघडली का आंटी?"

"नाही," मी म्हणाले. "काम काही नाही गं. बसायला आले."

आमच्या लहानपणी अग्रहारात बसायला येणं हेच एक काम होतं. बायका दुपारी यायच्या, बसायच्या, जायच्या. का आलात असं कोणी विचारलं तर त्यांचा अपमान व्हायचा. ह्या मुलीला ते कुठून ठाऊक असणार? आतून ऋतुजाचा आवाज आला, "कोण आहे?" यांगचेन म्हणाली, "ओनर आंटी." मग थोडं थांबून म्हणाली, "बसायला आल्यात."

ऋतुजा बाहेर आली. तिच्या चेहऱ्यावर गोंधळ मला स्पष्ट दिसला, आणि खरं तर त्या क्षणी मी परत फिरले असते. "काकू, उद्या पेपर आहे," ती म्हणाली. "बोलता नाही येणार हो."

"नका बोलू की. मी बसते अष्टे."

तिने कॉटवरच्या वह्या सरकवून जागा केली. मी बसले. तिघी आपापल्या पुस्तकात. पंखा फिरत होता, भिंतीवरचे लाल घसे फडफडत होते, भूमिका ओठांत पुटपुटत होती. मी काही केलं नाही. काही विचारलं नाही. माझ्या घरातही कोणी बोलत नाही आणि इथेही कोणी बोलत नव्हतं, पण दोन्ही गप्पपणांत किती फरक असतो, हे मला त्या सकाळी कळलं. इथे कोणीतरी पान उलटत होतं. कोणाच्या तरी पोटात गुडगुडलं आणि दुसरी हसू दाबत होती. मध्येच बाहेर मोटर आपणहून सुरू झाली. वर पाणी पोकळ वाजायला लागलं, भरत गेलं, पाईपातून टपटप सुरू झाली, आणि मोटर आपणहून बंद झाली. इतक्या दिवसांच्या सवयीने मी गुडघ्यावर हात टेकून उठायला गेले.

"काकू," ऋतुजा पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाली, "बसा की."

त्यानंतर मी जात राहिले. फार बोलणं झालं असं नाही. कधी आत घेतलं, कधी "आज नको आंटी," असंही झालं, आणि ते ऐकून परत येताना डबा घेऊन परत येण्याइतकं वाईट वाटलं नाही. नको म्हणायला तरी त्यांना काहीतरी म्हणावं लागायचं. माझं एकटेपण गेलं असं मी म्हणणार नाही. ते आहे, रोज सकाळी माझ्याआधी उठतं. पण ते सांगता येतं, त्याला मोटरीची पेटी पुढे करावी लागत नाही, एवढं मी त्या हंगामात शिकले.

आता पुन्हा बाकडं पडलं आहे आणि ह्या तिघींची ही शेवटची परीक्षा. ऋतुजाला पुण्याला काम मिळालं आहे, यांगचेन बैलकुप्प्याच्या दवाखान्यात जाणार, भूमिकाचं घरचे काय ठरवतील ते. भिंतीवरचे घसे उतरवलेत, तिथे चिकटपट्टीचे डाग राहिलेत. मी रंगारी बोलवायला हवा, पण बोलावलेला नाही.

आज मी गेले होते ते नागराज घर दाखवायला दोन मुलींना घेऊन येणार होता म्हणून. हुबळीच्या, एकीबरोबर आई. घर त्यांना आवडलं. आईबरोबर आलेल्या मुलीने खिडक्या उघडून बघितल्या, नळ सोडून बघितला. मग तिने हळूच नागराजला विचारलं, मालकीण इथेच राहते का, सारखी येते का? आधीच्या जागेत मालकिणीने फार छळलं होतं म्हणे. नागराज जोरात हसला. "ओनर बरोदे इल्ला," म्हणाला. मालकीण येतच नाही, येल्ला आटोमॅटिक, सगळं आपोआप. पाणी आटोमॅटिक, भाडं फोनवर, तुम्हाला त्यांचं तोंडही दिसणार नाही. मुलीच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला मला दिसला. तिच्या आईने माझ्याकडे बघून समाधानाने मान हलवली, किती चांगल्या तुम्ही, अशी.

मी मान हलवून गप्प राहिले असते तर घर तिथेच भाड्याने गेलं असतं. मला त्या मुलीची भीती कळत होती, आणि तिचं चुकत होतं असंही नाही.

"मी येते," मी कानडीत म्हणाले. "काम नसलं तरी येते. बसायला येते. तुम्ही नको म्हटलंत तर परत जाते, पण येते."

आई मुलीकडे बघायला लागली, मुलगी नळाकडे. कळवतो, म्हणाल्या, आणि गेल्या. नागराज स्कूटरला किक मारत मला म्हणाला, "रुक्कम्मा, हीगे हेळिद्रे यारू बरल्ला." असं सांगितलंत तर कोणी येणार नाही. मी म्हटलं, माहीत आहे.

त्यांचा फोन अजून आलेला नाही.